गोळी देण्याआधी कोणी काय विचारले?

वाचकांचे प्रश्न : औषधे आणि आपण

प्रश्न : माझी आई ६३ वर्षांची आहे. रक्तदाबासाठी तिला टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्रित गोळी रोज चालू आहे. वैशाखात केळीच्या बागेत कामाला जाऊन तिचे गुडघे फार दुखू लागले आणि नाकही चोंदले होते, म्हणून मी गावच्या मेडिकलवर गेलो. तिथल्या मुलाने औषध कोणासाठी हवे आहे हेही न विचारता दोन प्रकारच्या गोळ्या कापून दिल्या आणि ‘काही होत नाही, सगळे हीच नेतात’ असे सांगितले. बारा दिवस रोज तीन वेळा गोळ्या घेतल्यावर आईच्या पायांवर सूज आली आणि लघवी कमी झाली. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) वाढल्याचे सांगितले व दोन्ही गोळ्या बंद केल्या. आता तिची प्रकृती ठीक आहे. दुकानातल्या अशा मुलाला औषध सुचविण्याचा अधिकार असतो का? आणि आम्ही कोणती काळजी घ्यावी? (एक वाचक, यावल तालुका)

उत्तर : आईंची प्रकृती सावरली हे वाचून हायसे वाटले. गोळ्या वेळीच थांबल्या म्हणून मूत्रपिंडे पूर्ववत झाली. आणखी महिनाभर त्या चालू राहिल्या असत्या तर हे पत्र कदाचित वेगळे असते.

पत्रासोबत तुम्ही दोन्ही पट्ट्यांचे रिकामे तुकडे पाठविले, हे फार चांगले केले. एका तुकड्यावर डायक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असे छापलेले आहे आणि कडेने लाल रंगाची उभी रेघ गेलेली आहे. त्या रेघेचा अर्थ असा की, हे औषध सरकारी औषध नियमांच्या ‘शेड्यूल एच’ या यादीतील असून नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते किरकोळीने विकता येत नाही. म्हणजे सल्ला देण्याच्या अधिकाराचा प्रश्न येण्यापूर्वीच, ही विक्रीच नियमाबाहेरची होती. दुसरा तुकडा सर्दीच्या गोळीचा आहे. तिच्यात पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, फिनिलेफ्रिन १० मिलिग्रॅम आणि क्लोरफेनिरामिन २ मिलिग्रॅम आहे. त्यातील फिनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आकुंचित करून नाक मोकळे करते, पण त्याच गुणामुळे ते रक्तदाबही वाढवू शकते.

खरी हानी केली ती पहिल्या गोळीने. मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा टिकवून धरण्यासाठी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये वापरते आणि डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांमुळे ती तयार होणेच कमी होते. आईंच्या रक्तदाबाच्या गोळीतील एक घटक लघवीवाटे पाणी व मीठ बाहेर टाकतो, तर दुसरा मूत्रपिंडातील गाळणीचा दाब कमी करतो. एरवी ही गोळी उत्तम काम करते, पण तिच्या जोडीला रोजचे वेदनाशामक आले आणि त्यात पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असताना दिवसभर बागेत घाम गाळून अंगातले पाणी आटले, की मूत्रपिंडांना कोणत्याच बाजूने आधार उरत नाही. ‘रक्तदाबाची गोळी चालू आहे का?’ एवढा एक प्रश्न विचारला गेला असता तरी हे टळले असते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. गिऱ्हाइकाने नाव घेऊन मागितलेली, चिठ्ठी न लागणारी वस्तू हातात देणे वेगळे आणि दुखणे ऐकून त्यावर औषध निवडणे वेगळे. दुसरे काम हा उपचार आहे आणि तो करण्याचा अधिकार विक्रीसाठी ठेवलेल्या मदतनिसाला नाही. चिठ्ठीवरील औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिली गेली पाहिजेत, असे १९४५ च्या औषध नियमांत स्पष्ट आहे आणि १९४८ च्या फार्मसी कायद्याचे कलम ४२ हेच सांगते. फार्मासिस्ट होण्यासाठी किमान दोन वर्षांची पदविका आणि त्यानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. त्या शिक्षणाचे मोल गोळ्यांची नावे पाठ असण्यात नाही, ती तर काउंटरवरच्या मुलालाही सहा महिन्यांत पाठ होतात. गोळी देण्याआधी काय विचारायचे आणि केव्हा ‘हे माझे काम नाही, डॉक्टरांकडे जा’ म्हणायचे, हे त्या शिक्षणातून कळते.

हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो. पदविकेचे शिक्षण चालू असताना मी संध्याकाळी बसस्थानकाजवळच्या एका दुकानात उभा राहत असे. एकदा ओळखीचे एक आबा सर्दीने बेजार होऊन आले आणि मी मोठ्या विश्वासाने त्यांना तुमच्या पट्टीत आहे तसल्याच घटकांची गोळी दिली. रात्री त्यांची लघवी तुंबली आणि नळी घालून ती काढावी लागली. क्लोरफेनिरामिनमुळे, विशेषतः प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या पुरुषांना, असा त्रास होऊ शकतो. त्यांना तो आजार आहे हे त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होते. मी विचारले नव्हते, म्हणून मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत दुकानासमोरून गेले तेव्हा मला मान वर करवली नाही.

म्हणून त्या मुलाला दोष देऊन मी थांबणार नाही. बाहेरगावाहून आलेल्या डॉक्टरांपुढे जे सांगताना म्हातारी माणसे अडखळतात, तेच ती आपल्याच गावच्या पोराला अहिराणीत किंवा लेवा बोलीत मोकळेपणाने सांगतात. हा विश्वास मोलाचा आहे. त्याला पात्र असा माणूस दुकानात हजर ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि केवळ परवान्यावर फार्मासिस्टचे नाव असल्याने ती पार पडत नाही.

यापुढे दुकानात गेल्यावर ‘फार्मासिस्ट कोण आहेत, त्यांच्याशी बोलायचे आहे’ असे सरळ म्हणावे. परवाना दर्शनी भागात लावलेला असावा लागतो, तो पाहावा. औषध कोणासाठी, वय किती, रोजच्या गोळ्या कोणत्या, हे आपण होऊन सांगावे. रोजच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीतच ठेवाव्यात. नवीन पट्टी कापताना नाव आणि मुदतीची तारीख आपल्या तुकड्यावर राहील असे पाहावे आणि बिल घ्यावे. एकच घटक दोन पट्ट्यांत आहे का, हेही तपासावे. आईंच्या दोन्ही गोळ्यांतून तीन वेळा मिळून दिवसाला २४७५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल पोटात जात होते. त्यात कोणी तापासाठी पॅरासिटामॉलचीच ६५० मिलिग्रॅमची गोळी तीनदा दिली असती, तर निरोगी प्रौढासाठीची ४००० मिलिग्रॅमची कमाल मर्यादाही ओलांडली गेली असती. चिठ्ठीशिवाय अशी विक्री होत असल्याची तक्रार जिल्ह्याच्या ठिकाणच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करता येते. त्या वेळी बिल आणि तुमच्याकडचे हे तुकडे उपयोगी पडतील, म्हणून ते परत पाठवीत आहे.

प्रश्न : आमच्या पाड्यावर मेडिकल नाही. किराणा दुकानदार तापाच्या व डोकेदुखीच्या गोळ्या विकतो. हे चालते का? (एक वाचक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : लोकसंख्या १००० पेक्षा अधिक नसलेल्या गावात पॅरासिटामॉल, वेदनाशामक बाम, आम्लपित्तावरची औषधे अशी काही घरगुती औषधे परवान्याशिवाय विकण्याची मुभा औषध नियमांच्या ‘शेड्यूल के’ या सवलतींच्या यादीत आहे, मात्र ती परवानाधारक उत्पादकाकडून किंवा घाऊक विक्रेत्याकडून घेतलेली असावी लागतात. लाल रेघेची कोणतीही गोळी, प्रतिजैविके किंवा खाजेवरची स्टेरॉइड असलेली मलमे या सवलतीत बसत नाहीत. पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यूची शंका फिटेपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुकानदाराकडून घ्यायचीच तर साधी पॅरासिटामॉल, वेष्टनावरचे नाव वाचून घ्यावी, आणि ताप दोन दिवसांत उतरला नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे.