वाचकांचे प्रश्न : राउटर घेण्याआधी त्याची जागा

प्रश्न : इंदिरानगर येथे आमचे दोन मजली रो-हाउस आहे. अनेक वर्षे टेलिफोनच्या तारेवरचे ब्रॉडबँड वापरल्यानंतर यंदा फायबरची जोडणी घेतली. लाईन टाकायला आलेल्या मुलाने पांढरी पेटी खालच्या हॉलमध्ये टीव्हीच्या मागे बसवली. प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे, तरीही वरच्या खोलीत मुलीच्या ऑनलाइन मीटिंग मध्येच अडकतात. महात्मा गांधी रोडवरील एका दुकानदाराने ‘नवा मोडेम घ्या’ असे सांगून चार अँटेनांचा, ‘एसी १२००’ लिहिलेला राउटर दाखवला. तो घ्यावा का? आणि जुना मोडेम टाकून द्यावा का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : दुकानदाराने राउटरला मोडेम म्हटले, तिथेच घोळ सुरू झाला. मोडेम बाहेरून आलेल्या लाईनवरचा संदेश घरातील उपकरणांना समजेल अशा रूपात आणतो, तर राउटर ती एक जोडणी घरातील सर्वांना वाटून देतो आणि वायफाय पुरवतो. आपला जुना मोडेम टेलिफोनच्या तांब्याच्या तारेसाठी होता. त्या तंत्राची कमाल मर्यादा २४ एमबीपीएसच्या आसपास होती आणि एक्स्चेंजपासून घर जितके लांब, तितका वेग कमी मिळत असे. फायबरवर मोडेमचे काम ओएनटी करतो. आपली पांढरी पेटी म्हणजे हाच ओएनटी, आणि बहुतेक घरांत त्याच्या पोटातच राउटरही असतो. ओएनटी कंपनीच्या यंत्रणेत त्याच्या क्रमांकासह नोंदवलेला असल्याने बाजारातून दुसरा आणून जोडला, तर तो सहसा चालत नाही. म्हणजे मोडेम निवडण्याचा प्रश्न आपल्यापुरता उरतच नाही. निवडायचा असलाच तर राउटर.

परंतु तोही लगेच नको. आधी एक लॅपटॉप लॅन केबलने थेट पांढऱ्या पेटीला जोडून वेग मोजावा. तिथे २०० च्या जवळपास आकडा आला, तर कंपनीची लाईन निर्दोष आहे आणि अडचण घरातल्या वायफायची आहे. तिथेच ४० आला, तर कितीही महागडा राउटर आणून उपयोग नाही, तक्रारच नोंदवावी लागेल. त्यानंतर तीच मोजणी मोबाइलवर, प्रथम पेटीसमोर आणि मग मुलीच्या टेबलापाशी, करावी. या तीन आकड्यांवरून जे कळेल, ते दुकानातल्या कोणत्याही खोक्यावर छापलेले नसते.

माझा अंदाज असा, की पेटीची जागाच चुकली आहे. टीव्हीच्या मागचा भाग म्हणजे मोठा धातूचा पत्रा. त्यावर आरसीसीचा स्लॅब आणि त्यातील सळ्यांची जाळी. वायफायच्या नेहमीच्या दोन पट्ट्यांपैकी (फ्रिक्वेन्सी बँडपैकी) ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान असली, तरी भिंतीपुढे ती लवकर हात टेकते, २.४ ची पट्टी लांब जाते, पण तिथे शेजारपाजारच्या सगळ्या राउटरांची गर्दी असते, कारण तिथे एकमेकांत न मिसळणारी चॅनेल, म्हणजे संदेशाचे वेगळे मार्ग, तीनच. माझ्या घरीही पेटी अशीच टीव्हीमागे होती. ती जिन्याशेजारच्या उघड्या फळीवर आणली, तेव्हा वरच्या खोलीतला मीटिंगचा त्रास एक रुपया न खर्चता निम्म्याहून कमी झाला.

पेटी हलवताना मात्र फायबरची बारीक वायर सांभाळावी. तिच्या टोकाला छोटा हिरवा चौकोनी कनेक्टर असतो. त्याच्या आतील काचेचे टोक किंचित तिरके घासलेले असते, त्याला बोट लावू नये आणि निळ्या कनेक्टरशी त्याची जोडी जुळवू नये. वायर कोपऱ्यात घडी घालून खिळ्याखाली दाबली, तर आतून प्रकाश निसटतो. पेटीवरचा ‘लॉस’ नावाचा दिवा लाल लुकलुकू लागला, की प्रकाश पेटीपर्यंत पोहोचत नाही असे समजावे; अशा वेळी राउटर बंद-चालू करत बसण्यात अर्थ नाही.

जागा बदलूनही वरची खोली कोरडीच राहिली, तर दुसरा राउटर जरूर घ्यावा, पण तो खाली पहिल्याच्या शेजारी नव्हे, वरच्या मजल्यावर ठेवावा, आणि दोघांमध्ये कॅट ६ ची लॅन केबल टाकावी. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते, रो-हाउसला पंधरा-वीस मीटर पुष्कळ होते. दुसरा राउटर ‘अॅक्सेस पॉइंट’ मोडमध्ये लावला, म्हणजे तो फक्त वायफाय पुरवतो आणि जोडणी वाटण्याचे काम पहिल्याकडेच राहते; त्यामुळे घरात नेटवर्क एकच राहते आणि प्रिंटर सापडत नाही यासारख्या कटकटी उद्भवत नाहीत. केबलशिवाय, वायफायनेच एकमेकांशी जोडले जाणारे दोन-तीन राउटरांचे ‘मेश’ संचही मिळतात, मात्र त्यांचे एकमेकांशी बोलणेही त्याच स्लॅबमधून व्हायचे असते, हे दुकानात कोणी सांगत नाही.

आता ‘एसी १२००’ विषयी. हा आकडा दोन्ही पट्ट्यांच्या कागदावरच्या वेगांची बेरीज आहे, ३०० आणि ८६७, आणि वर गोळाबेरीज. बहुतेक मोबाइल एका वेळी एकाच पट्टीवर असतात, आणि तिथेही प्रत्यक्षात मिळतो तो निम्मा किंवा थोडा अधिक. अँटेनांच्या संख्येवरूनही काही ठरत नाही. खोक्याच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत पोर्टचा वेग लिहिलेला असतो, तो वाचावा. या वर्गातल्या काही स्वस्त राउटरांचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. मग आपल्या २०० च्या प्लॅनपैकी ९५ च्या वर केबलमधून पुढे सरकतच नाही. पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा, असावा आणि राउटर ‘एसी’नंतरच्या पिढीचा, वायफाय ६ चा. त्याहून वरचे काही आपल्या घराला लागणार नाही.

जुना मोडेम भंगारात जाऊ द्या. त्याचा लॅन पोर्ट आणि वायफाय वापरता येते, पण तो जिथे लावाल, त्या खोलीचा वेग पुन्हा खाली ओढेल.

प्रश्न : पंचवटीत जुन्या वाड्यात भाड्याने राहतो. भिंती दीड हात जाडीच्या आहेत आणि मालक भोक पाडू देत नाहीत. राउटर मोठा घ्यावा का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : नको. अशा भिंतीपलीकडे मोठा राउटरही फारसा पोहोचत नाही, आणि पोहोचला तरी तुमच्या मोबाइलचा दुबळा आवाज परत त्याच्यापर्यंत यायला हवा. दरवाजाच्या फटीतून जाणारी चपटी लॅन केबल मिळते. ती चौकटीच्या कडेने चिकटवून न्यावी आणि आतल्या खोलीत छोटा अॅक्सेस पॉइंट ठेवावा. घर सोडताना दोन्ही काढून नेता येतात.

प्रश्न : वीज गेली की इंटरनेटही जाते. इन्व्हर्टर नाही. उपाय? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : राउटरसाठीचा छोटा यूपीएस घ्यावा. अ‍ॅडॉप्टरवरील व्होल्ट यूपीएसशी तंतोतंत जुळावेत, सहसा ते १२ असतात. यूपीएसचे अँपिअर अ‍ॅडॉप्टरइतके किंवा जास्त चालतात. ओएनटी आणि राउटर वेगळे असतील, तर दोघांनाही वीज हवी. मात्र आपली लाईन फायबरऐवजी गच्चीवरच्या पेटीतून लॅन केबलने घरात आली असेल, तर वीज गेल्यावर ती पेटीही बंद पडते, म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी केबलवाल्याला तिथे बॅटरी आहे का ते विचारावे.