मासेमारीच्या लूअरचा रंग का सोलवटतो?

सागवानाचं लूअर (गळाला लावायचा नकली मासा) कोरलं, ॲक्रिलिकनं रंगवलं, क्लिअर कोट दिला. दुसऱ्याच फेरीत पोटाला फोड आले. रंग बदलू का? (मानेवाडा)

रंगाला बोल लावू नका. गळाची कडी लाकडात शिरते तिथून पाणी आत गेलं असणार. लाकूड फुगलं की वरचा कोट तडकतोच. भोकं आधी पाडा, मग सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचे) दोन-तीन हात द्या. सीलर भोकांतही उतरू द्या. पॉलिश पेपर, पांढरा प्रायमर, रंग. कडी एपॉक्सीत बुडवून बसवा आणि क्लिअर कोट तिच्या मुळापर्यंत येऊ द्या. फोड आलेलं लूअर आठवडाभर सावलीत वाळवा, लाकूड दिसेपर्यंत खरवडा. घाईनं वरून आणखी एक हात दिलात तर ओल आतच कोंडेल.

एपॉक्सी तीन दिवस झाले, वाळून नाही राहिलं. उन्हात ठेवू? (धरमपेठ)

ऊन काही करणार नाही. एपॉक्सी रंगासारखं वाळत नाही. रेझिन आणि हार्डनर यांची क्रिया होऊन ते घट्ट होतं. प्रमाण चुकलं की चिकट ते चिकटच. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं ते वाचा, दोन्ही सारखी नसतात. मापाचं असेल तर सिरिंजनं मोजा, वजनाचं असेल तर काट्यावर. कपाच्या कडा खरवडत दोन-तीन मिनिटं ढवळा. आत्ताचा थर मात्र काढावाच लागेल.

आतून कडक आणि वरून नुसतं मेणचट असेल, तर तो पावसाळी दमटपणाचा प्रताप. साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा, पुसा, घासा, नवा हात द्या.

आपल्याकडच्या मे महिन्यात उलटी गंमत. माझा भरलेला कप ढवळता ढवळता तापला आणि वाकडा झाला. तेव्हापासून उन्हाळ्यात पहाटे, एका लूअरपुरतंच कालवतो. लावल्यावर ओघळ थांबेपर्यंत लूअर हळूहळू फिरवत राहा.

गाड्यांचा दोन भागांचा क्लिअर कोट चालेल? (कामठी)

चालतो, टिकतोही. पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासातून गेलं तर फुफ्फुसांना घातक. कापडी मास्क कुचकामी, बंद खोलीत फवारणी नकोच. योग्य मास्क आणि मोकळ्या हवेची सोय नसेल तर एपॉक्सी बरं.

मरळीसाठी कोणता रंग? लूअरवर खवले कसे रंगवायचे? (हिंगणा)

वर तरंगणारं लूअर मरळ खालून बघते, म्हणून पोटाकडे लक्ष द्या. गढूळ पाण्यात गडद पोट उठून दिसतं. खवले हा आपला शौक. संत्र्यांची जाळीची पिशवी लूअरवर ताणून बांधा, वरून हलका स्प्रे मारा. रंग जरा सुकला की जाळी सरळ वर उचला, बाजूला ओढलीत तर खवले पुसले जातात.