लोअरिंग स्प्रिंग घरी बसवून पैसे खरंच वाचतात का?

तुम्ही पत्रात विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी ७० हजार किमी चाललेली, वॉरंटी संपलेली, शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) कंपनीचेच, पहिल्यापासूनचे. गाडी ३० मिमी खाली बसवायची आहे, त्यासाठी बुटक्या, म्हणजे लोअरिंग स्प्रिंगचा संच कार्डावर १२ हप्त्यांत घ्यायचा विचार आहे, आणि वर्कशॉपने सांगितलेली मजुरी जास्त वाटतेय म्हणून काम घरीच करायचंय. बचत खात्यात दोन महिन्यांचा खर्च निघेल एवढी रक्कम आहे. विचारलंय की "मजुरी वाचवली तर हे परवडेल ना?"

आधीच सांगतो, गाडी खाली बसवायची हौस चुकीची वगैरे मी म्हणणार नाही. हौसेला मोल नसतं असं म्हणतात, आपण फक्त ते मोल मोजून घेऊ. तुम्ही पाठवलेले भाव एकमेकांशी ताडून बघता यावेत म्हणून स्प्रिंगच्या संचाची किंमत १०० धरतो आणि बाकी सगळं त्या मापात सांगतो.

तुमच्याच यादीनुसार वर्कशॉपची मजुरी ४०. व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं, १०. नवीन नट, बंप स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दाबली की आपटणं झेलणारे रबरी ठोकळे) आणि पुढचे टॉप माउंट (स्प्रिंग-शॉकअप वरून गाडीला जिथे जोडतात तो भाग) मिळून २०. म्हणजे सगळं बाहेर करून घेतलं तर १७०. आता घरी करायचं म्हटलं तर तुमच्याकडे जॅक आणि पान्यांचा सेट सोडून काही नाही, त्यामुळे जॅक स्टँड, टॉर्क रेंच (बोल्ट मोजून आवळायचा पाना), स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं अवजार) आणि दोनचार मोठे सॉकेट असं मिळून ३५ जातायत, अलाइनमेंट कुठेही करा ती लागणारच, नट-माउंट लागणारच, तर एकूण झाले १६५. १७० आणि १६५. एवढ्या पाच युनिटांसाठी तुम्ही एक अख्खा शनिवार-रविवार गाडीखाली झोपणार आहात, आणि वर १२ हप्त्यांचं व्याज वेगळंच, वर्षाला २४ टक्के दर धरला तर १०० वर साधारण साडेतेरा होतं. म्हणजे मजुरी वाचवून जे कमावलं त्याच्या अडीच पट व्याजात गेलं.

घरी काम करण्यात मजा येते म्हणून करत असाल तर ती गोष्ट वेगळी, मग त्या वेळेची किंमत मी लावत नाही. पण तुम्ही ते "बचत" या खात्यात टाकलंय आणि तिथे ते बसत नाही.

आता खरा पैशाचा मुद्दा, जो तुमच्या पत्रात एका ओळीत उडवून लावलाय, तो म्हणजे शॉकअप. लोअरिंग स्प्रिंग नुसती बुटकी नसते, ती मूळ स्प्रिंगपेक्षा कडकही असते कारण खाली जागा कमी उरते आणि गाडी बंप स्टॉपवर आपटायला नको. कडक स्प्रिंग जोरात उसळी घेते आणि ती उसळी आवरायचं काम शॉकअपचं, तेही आता मूळ उंचीपेक्षा कायम थोडं दाबलेल्या अवस्थेत. ७० हजार किमी झालेले शॉकअप हे काही वर्षानुवर्षं सहन करतील असं मला वाटत नाही. समजा वर्षभरात ते गेले, तर परत सगळं खोला, परत मजुरी ४०, परत अलाइनमेंट १०, एकदाच वापरायचे सेल्फ-लॉकिंग नट असतात ते परत नवीन. कारण पुढच्या बाजूला स्प्रिंग बदलायला जे जे खोलावं लागतं तेच सगळं शॉकअप बदलायलाही खोलावं लागतं, स्प्रिंग त्याच स्ट्रटवर, म्हणजे शॉकअपच्याच खांबावर, चढवलेली असते. म्हणजे दोन्ही कामं एकाच वेळी केली तर ५० वाचतात, तुम्ही घरी काम करून वाचवताय त्याच्या दहा पट. पैसे वाचतात ते काम कधी करता त्यात, कोण पाना फिरवतो त्यात फारसे नाहीत.

म्हणून माझं मत असं की स्प्रिंग आत्ता घेऊ नका. शॉकअप बदलायची वेळ तशीही जवळ आलीये, तेव्हा दोन्ही एकत्र करा. चार शॉकअपचा तुमचा भाव १८० आहे, तो आकडा बघून छातीत धस्स होईल पण नीट बघा, शॉकअप, त्यांची मजुरी, अलाइनमेंट हे सगळं गाडीच्या देखभालीचं आहे, गाडी खाली बसवली नसती तरी ते कधीतरी करायचंच होतं. हौसेचा जादा खर्च फक्त १०० आणि वर थोडं. देखभालीचे पैसे देखभालीच्या खात्यातून, हौसेचे हौसेच्या, हे दोन डबे वेगळे ठेवा, नाहीतर "एवढं करतोच आहे तर अलॉयही घेऊन टाकू" असं होतं आणि मग हिशेब कुठल्या कुठे जातो. शॉकअप घेताना एवढं मात्र बघा की ते खाली बसवलेल्या गाडीसाठीचे आहेत का, उदाहरणार्थ बिलस्टाइनचे बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी आणि बी८ हे बुटक्या स्प्रिंगसाठी आखूड केलेले असतात, चुकीचा प्रकार घेतला तर तो १८० परत एकदा.

आता घरी करण्याच्या धोक्याबद्दल, आणि हेही मी पैशाच्या भाषेतच सांगतो. पुढच्या स्ट्रटवरची स्प्रिंग काढायची म्हणजे ती कॉम्प्रेसरने दाबून धरून वरचा नट सोडायचा. समजा स्प्रिंगचा रेट, म्हणजे कडकपणा, मिमीला २५ न्यूटन आणि ती १५० मिमी दाबलेली, तर तिच्यात साधारण २८० ज्यूल ऊर्जा साठलेली असते, म्हणजे २० किलोचं वजन जवळपास दीड मीटरवरून पडावं तेवढी. स्वस्तातल्या कॉम्प्रेसरचा हूक एका बाजूने सरकला की ती सगळी एका झटक्यात बाहेर येते आणि तेव्हा तुमचे हात तिथेच असतात. तुमचं उत्पन्न त्याच दोन हातांवर आहे. अपघाताने काम बंद पडलं तर उत्पन्न भरून देणारा विमा आहे का हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बचत दोन महिन्यांची. पाच युनिट वाचवायला ही पैज मी लावणार नाही.

पण मधला मार्ग आहे आणि तो मला जास्त आवडतो. स्ट्रट तुम्ही स्वतः काढा, अख्खा, स्प्रिंग न सोडवता. नकलचे (चाक ज्यावर बसतं त्या भागाचे) बोल्ट, स्ट्रटला जोडलेला लिंक रॉड, ब्रेक होज आणि एबीएस वायरची क्लिप, वरचे टॉप माउंटचे नट, एवढंच. मधल्या मोठ्या नटला मात्र हात लावायचा नाही, स्प्रिंगला तोच धरून ठेवतो. निघालेले दोन्ही स्ट्रट दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीत टाकून वर्कशॉपला न्यायचे, तिथे भिंतीवरच्या मोठ्या कॉम्प्रेसरवर ते स्प्रिंग आणि शॉकअप बदलून देतात, त्याची मजुरी फार तर १२ लागेल असं धरू (विचारून घ्या). मागे तुमच्या गाडीला टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी तुळई) आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे, बीमखाली जॅक लावायचा, शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे, बीम हळूहळू खाली सोडायचा आणि स्प्रिंग हाताने निघते, बहुतेक वेळा कॉम्प्रेसर लागतच नाही. मग घ्यायचं काय तर जॅक स्टँड आणि टॉर्क रेंच, १८ च्या आसपास, आणि ते पुढे ब्रेक पॅड, टायर सगळ्याला वापरता येतात. कॉम्प्रेसर एकदा वापरून माळ्यावर जातो.

एक ठिकाण आहे जिथे घरी केलेलं काम हमखास महागात पडतं आणि लोकांना कळतही नाही. मागच्या बीमचे किंवा पुढच्या आर्मचे (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्याचे) जे बोल्ट रबरी बुशमधून, म्हणजे आत नळी असलेल्या रबरातून, जातात ते चाक हवेत लटकलेलं असताना पूर्ण आवळायचे नसतात. तसे आवळले की बुशची आतली नळी त्या लटकलेल्या स्थितीत पक्की होते, मग गाडी जमिनीवर टेकली, तीही आता ३० मिमी जास्त खाली, की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटायला लागतं. नुसते अडकवून ठेवायचे, गाडीचं वजन चाकांवर आलं की मग टॉर्क रेंचने आवळायचे. पाच मिनिटांचा फरक आणि न केल्यास बुशचं बिल.

अलाइनमेंट टाळायचा विचारही करू नका, गाडी खाली बसली की कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा उभा कल) आत झुकतो आणि टो (वरून पाहिलं तर चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) बदलतो, टायर खातो तो मुख्यतः टो, तोही आतल्या कडेने, वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही. तुमच्या यादीत टायरचा भाव नाही, तो लिहून बघा म्हणजे १० किती स्वस्त आहेत ते कळेल. स्प्रिंग थोडी बसू द्या, काही दिवस चालवा, मग करा. हेडलाइटची उंचीही तेव्हाच बघून घ्या.

विम्याचं एका ओळीत: बदल कंपनीला आधी लेखी कळवा, प्रीमियम वाढला तर तो दरवर्षीचा खर्च म्हणून या हिशेबात धरा, न कळवता क्लेम अडकला तर स्प्रिंगची किंमत विसरून जाल. तुमच्याकडे अशा बदलाला नोंदणी किंवा तपासणी लागते का तेही त्याच दिवशी विचारा. विकताना या स्प्रिंगचे कोणी जादा पैसे देत नाही, उलट घासाघीस होते, म्हणून जुन्या स्प्रिंग गंज लागणार नाही अशा ठेवा आणि पुढची-मागची लिहून ठेवा.

आता पैसे कसे उभे करायचे. स्प्रिंग १००, शॉकअप १८०, नट-माउंट २०, वर्कशॉप १२, अवजारं १८, अलाइनमेंट १०, एकूण ३४०. पहिले काही महिने यातलं काहीच नाही, आधी बचत दोन महिन्यांवरून निदान चार महिन्यांवर न्या. मग दरमहा २५ बाजूला टाकलेत तर १४ महिन्यांत रक्कम हातात येते, हप्ता नाही, व्याज नाही. मधेच शॉकअप गेलेच तर आधी जमलेल्यातून शॉकअप घ्यायचे आणि स्प्रिंगसाठी कमी पडत असेल तेवढ्यापुरतीच बचतीला हात लावायची मुभा मी देईन, कारण तेव्हा ५० वाचवायची संधी समोर असते, पण ती रक्कम तीन महिन्यांत परत भरायची.

तोवर एक काम फुकटातलं करा. चाकामागे टॉर्च मारून चारही शॉकअप बघा, बाहेरून तेलाचा ओला पट्टा दिसतोय का, आणि टायर कुठे खड्डे-खड्डे झिजलेत का त्यावरून हात फिरवून बघा. गळती असेल तर १४ महिने थांबता येणार नाही आणि वरचं वेळापत्रक बदलावं लागेल, काय दिसलं ते कळवा.