नौकेच्या स्टीलवरचे तांबूस डाग

प्रश्न : माझ्या मामेभावाची मालवणात पर्यटकांना फिरवणारी छोटी नौका आहे. तिचा कठडा, दोर बांधायचे खुंटे आणि बिजागऱ्या आम्ही मकरपुऱ्यातील एका कारखान्यातून स्टेनलेस स्टीलमध्ये करून पाठवल्या. त्याच कारखान्याने केलेले माझ्या गच्चीचे रेलिंग सहा वर्षे चकचकीत आहे. नौकेवर मात्र एकाच हंगामात तांबूस डाग पडले. दुकानदाराने संडास धुण्याचे ॲसिड आणि तारेचा ब्रश सुचवला आहे. तो वापरावा का? आणि माल खोटा निघाला असे समजावे का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : दोन्ही वस्तू वापरू नका. त्या ॲसिडमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते, म्हणजे समुद्राच्या मिठातला जो क्लोराइड स्टीलला खातो, तोच तुम्ही आणखी तीव्र रूपात वर ओताल. आणि साध्या लोखंडी तारांचे कण ओरखड्यांत अडकून चार दिवसांत स्वतःच गंजतील.

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असते व त्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा संरक्षक थर बसतो. बडोद्याच्या गच्चीवर तो टिकतो, मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात जागोजागी फुटतो. म्हणून एवढ्यावरून कारखानदाराला दोष देता येणार नाही. मात्र त्याने कोणत्या प्रतीचे स्टील वापरले, हे अवश्य विचारा. ३०४ गच्चीला पुरते, समुद्राला २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ लागते, आणि स्वस्तातले २०२ तर नौकेवर लावूच नये. चुंबक लावून पाहण्याचा आपल्याकडचा आवडता प्रयोग येथे निरुपयोगी आहे, कारण या तिन्हींना चुंबक सहसा चिकटत नाही.

आता सफाई. आधी गोड्या पाण्याने व भांड्यांच्या साबणाने मीठ पूर्ण धुऊन काढावे. मग किराणा दुकानात ‘लिंबूना फूल’ म्हणून मिळणारे सायट्रिक आम्ल, एक लिटर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम, असे विरघळवून त्यात भिजवलेले फडके डागावर अर्धा तास गुंडाळून ठेवावे. नंतर नायलॉनच्या घासणीने, पॉलिशच्या रेषा ज्या दिशेने गेल्या असतील त्याच दिशेने, हलक्या हाताने घासून भरपूर पाण्याने धुवावे व कोरडे पुसावे. एवढ्याने न निघालेल्या डागासाठी ऑक्झॅलिक आम्ल आहे. फर्निचरचे कारागीर लाकडावरचे काळे डाग घालवायला तेच वापरतात. ते विषारी असल्याने हातमोजे व चष्मा घालूनच हाताळावे. कोणत्याही आम्लात ब्लीच मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

डाग कुठे आहे, हे मात्र धुण्यापूर्वी नीट पाहून ठेवा. कठड्यावर सर्वत्र चहा सांडल्यासारखी फिकट झाक असेल तर काळजी नको. दर फेरीनंतर गोड्या पाण्याचा एक हात फिरवला की ती आटोक्यात राहते. वेल्डिंगच्या सांध्याशेजारी निळसर पट्टा दिसून तेथूनच गंज सुरू झाला असेल, तर सांधा साफ न करताच माल पाठवला गेला आहे आणि ते काम कारखान्यानेच करून द्यायला हवे. खुंट्याच्या स्क्रूखालून तपकिरी ओघळ येत असेल आणि पुसल्यावर आठवड्यात परत येत असेल, तर वरून कितीही घासून उपयोग नाही. खुंट्याच्या बुडाच्या पट्टीखाली अडकलेल्या खाऱ्या पाण्याला प्राणवायू मिळत नाही, त्यामुळे थर पुन्हा बसत नाही व स्टील आतून पोखरले जाते. तो स्क्रू काढून पाहा. दांड्यावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसले तर ३१६ चा नवा स्क्रू घाला आणि पट्टीखाली सीलंट भरूनच तो घट्ट करा.