क्रुगरला गाडी स्वतः चालवावी का?

प्रश्न : जुलैत आईला घेऊन दक्षिण आफ्रिकेत क्रुगर राष्ट्रीय उद्यानात चाललोय, गाडी स्वतः चालवू की जीप सफारी घेऊ? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : स्वतःच चालवा हो, तिकडेही डावीकडूनच चालवतात, डांबरी रस्त्यावर लिमिट ५० चं आणि कच्च्यावर ४०. जुलै म्हणजे तिकडचा कोरडा हिवाळा, गवत वाळलेलं, जनावरं पाण्यावर येतात, म्हणून उगाच फिरत बसण्यापेक्षा पाणवठ्याशी इंजिन बंद करून निवांत थांबा, आईंनाही तेच झेपेल. हत्तीने कान पसरून डोकं झटकलं की हळूच मागे या, हॉर्न अजिबात नको. एक पहाट मात्र कॅम्पच्या उघड्या जीपने जाच, नाशिकच्या जानेवारीसारखं गार वारं लागतं, कानटोपी घ्या. आणि मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.