आधी ये, मग सावर

प्रिय बाळ,

सलाम.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्यांदा राग आला.

आपल्या चर्चच्या तरुण संघाच्या शिबिराचे पैसे तुझ्या खात्यात होते, ते तू शेअर बाजारात ऑप्शन ट्रेडिंगमध्ये घातलेस आणि बुडवलेस. ते पाप होतं हे तुला मी सांगायला नको. माझं भांडण तुझ्या शेवटच्या ओळीशी आहे. ‘बाई, आधी स्वतःला सावरतो, मग मंडळीत येतो.’ तोवर पुण्याच्या खोलीवर मोबाइलवर उपासना बघणार म्हणे!

नाही. आधी ये. सावरणं नंतर.

येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हणून त्याचा शिष्य पेत्र बाहेर जाऊन रडला, असं तू लिहिलंस. रडला ना. पण रडून त्याचं भागलं नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय काढ. तिबिर्याच्या समुद्रावर सात शिष्य रात्रभर जाळी टाकून रिकामे परतताहेत. मग जाळं भरतं. किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव आहे, मासळी आहे, भाकर आहे. नाकारलं होतं तेव्हाही पेत्र असाच विस्तवाशी शेकत उभा होता. प्रभू आधी न्याहारीला बसवतो, प्रश्न त्यानंतर. तीनदा नाकारलं, तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटलं. वाटणारच. बाकीच्यांना दूर पाठवलं असं योहान कुठेही लिहीत नाही. आणि दर उत्तराला काम मिळालं: माझी कोकरं चार, माझी मेंढरं पाळ. ‘वर्षभर बघू, मग ठरवू’ असं नाही.

पुढे पेत्र मागे वळून योहानाकडे बोट दाखवतो, याचं काय म्हणून विचारतो. तुला त्याचं काय, तू माझ्यामागे ये, असं उत्तर येतं. मागच्या बाकावरच्या मावश्या काय म्हणतील, या तुझ्या प्रश्नालाही माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. म्हणतील. म्हणू देत.

मार्काचं तर तुम्हा मुलांना कुणी सांगतच नाही. पौल आणि बर्णबा सुवार्ता सांगत फिरत होते, त्यातल्या पहिल्या फेरीत तो पंफुल्यातून त्यांना सोडून यरुशलेमला परतला. दुसऱ्या वेळी पौलाने त्याला बरोबर न्यायला साफ नकार दिला. बर्णबा हटला नाही. कडाक्याचं भांडण झालं, दोघं वेगळे झाले, आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. पुढे बंदिवासातून पौलच तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. सुधारल्याचा दाखला आणला म्हणून बर्णबाने त्याला नेलं असं प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक लिहीत नाही. त्याने आधी नेलं.

बर्णबाची बाजू घ्यायला काय पडतं ते मला विचार. मी चर्चच्या कमिटीत पंच असताना आमच्या मंडळीतला एक गाणारा दारूपायी बाहेर गेला होता. परत आला तेव्हा मी हट्टच धरला, याला पुन्हा भजनात बसवा. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण कमिटीत होती. ती म्हणाली, आधी वर्षभर न पिता राहून दाखवू दे. मी ऐकलं नाही. नाताळात तो असा गायला की मंडळी स्तब्ध झाली. ईस्टरच्या आत पुन्हा प्यायला. मैत्रिणीने माझ्याशी बोलणं टाकलं आणि ती गेली तेव्हाही आमच्यात अबोलाच होता. ती खंत मी घेऊनच जाणार. पण आज कमिटी बसली तरी माझं मत तेच पडेल. तो कधी सुटला, कधी पडला, पण पडल्यावर दर वेळी देवळाकडेच आला. गुत्त्याकडे का नाही गेला? इथे त्याची जागा होती म्हणून. हे मी मैत्रिणीला समजावू शकले नाही. तुला तरी कळू दे.

दावीद राजाचंही बघ. त्याच्या व्यभिचारावरून नाथान संदेष्ट्याने तोंडावर ‘तो माणूस तूच’ म्हटल्यानंतरचं एकावन्नावं स्तोत्र. वर लिहिलंय, मुख्य गवयासाठी. म्हणजे राजाने आपली लाज गायकांच्या हाती दिली, सगळ्यांनी गावी म्हणून. तू तर नुसता भजनाच्या तालमीला यायलाही घाबरतोस.

आणि आपल्याच मातीतलं हवं असेल तर केडगावला जाऊन ये. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी पंडिता रमाबाईंनी तिथल्या मुक्ती मिशनमध्ये कृपासदन उघडलं. तिथल्या बायका नुसत्या प्रार्थना करत बसल्या नाहीत. त्यांनी माग चालवले, छापखाना चालवला. रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेल्या बायबलचे छपाईचे खिळे त्यांनीच जुळवले.

आता पैशांचं. जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करीन म्हटलं, पण कधी? प्रभूने ‘आज मी तुझ्या घरी उतरणार’ म्हटल्यावर. आधी हिशेब चुकता करून त्याने आमंत्रण मिळवलं नाही. तरी हिशेब चुकवायचाच आहे, त्यात मी एक पैसा सोडायला सांगणार नाही. दर महिन्याला किती देशील ते कागदावर लिही, सही कर आणि पाळकसाहेबांकडे स्वतः नेऊन दे. वडिलांना पाठवू नकोस. पैशाची पेटी तुझ्या हाती पुन्हा येणार नाही, तू मागूही नकोस. वाजवायची पेटी रिकामी आहे.

‘देव माफ करेल, पण मीच स्वतःला माफ करू शकत नाही’ हेही लिहिलंयस. ते तुझ्याकडे मागितलंय कुणी? देवाने माफ केलेल्यावर तू वेगळा खटला चालवणार का? एवढं मोठं न्यायासन तुला दिलं कुणी? रागावू नकोस. तुला संडेस्कूलला बोटाला धरून मीच नेत होते, तो हक्क अजून सोडलेला नाही.

शनिवारी संध्याकाळी सहाला तालीम आहे. नव्या मुलाला ताल सांभाळता येत नाही, एकावन्नावंच बसवायचंय. प्रभुभोजन या रविवारी आहे; मागच्या वेळी मध्येच उठून गेलास तसं करू नकोस. एसटी पुण्याहून दुपारी धर, म्हणजे वेळेत पोचशील. जेवायला माझ्याकडेच ये. तुझ्या काकांनी भरलेल्या पैशांविषयी त्यांच्याशी मी बोलणार नाही, ते तुझं तू बोल.

तुझी बाई