एफबीआयचा तपास कादंबरीत आणण्यापूर्वी

आपल्या कादंबरीत न्यू जर्सीतील एका व्यापाऱ्याचा खून होतो आणि दुसऱ्याच दिवशी एफबीआय तपास हाती घेते. हे खरे वाटेल का, असे आपण विचारले आहे. एवढ्यावर खरे वाटणार नाही. अमेरिकेत खून हा सामान्यतः राज्याच्या कायद्याखालचा गुन्हा असून न्यू जर्सीत त्याचा तपास स्थानिक पोलीस आणि काउंटी प्रॉसिक्यूटरचे, म्हणजे जिल्हा पातळीवरील सरकारी वकिलाचे, कार्यालय करते. एफबीआयला आणायचे असेल, तर संघराज्याच्या कायद्यात बसणारे कारण कथेत आधी पेरावे लागेल. व्यापाऱ्याला पळवून राज्याच्या हद्दीबाहेर नेले, एवढेही पुरेल. योगायोग असा, की अपहरणाचा हा केंद्रीय कायदा १९३२ साली झाला तोच मुळी न्यू जर्सीतून वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचे बाळ पळवले गेल्यानंतर.

आपला नायक साठीतला आहे, हेही बदलावे. एफबीआयचे एजंट साधारणपणे ५७व्या वर्षी सक्तीने निवृत्त होतात. शिवाय आरोप ठेवायचे की नाही, हे एजंट ठरवत नाही. ते काम सरकारी वकिलाचे, आणि गंभीर गुन्ह्यात त्यालाही सहसा १६ ते २३ नागरिकांच्या ग्रँड ज्युरीपुढे जाऊन निदान १२ जणांची संमती मिळवावी लागते. एजंट आणि वकील यांच्यातली ही ओढाताण पाठलागाच्या प्रसंगांपेक्षा कितीतरी अधिक नाट्यमय असते, असे मला वाटते.

एजंटची भाषा पकडायची असेल, तर मालिका बाजूला ठेवून न्यायालयात दाखल झालेली प्रतिज्ञापत्रे वाचावीत. मुंबईवरील हल्ल्यामुळे आपल्याला परिचित असलेल्या डेव्हिड हेडलीला ऑक्टोबर २००९ मध्ये शिकागोत अटक झाली, ती डेन्मार्कमधील वृत्तपत्रावरील हल्ल्याच्या कटासाठी. मुंबईचे आरोप डिसेंबरमध्ये आले. त्या अटकेच्या वेळचे प्रतिज्ञापत्र अवश्य वाचा. त्यात एजंट ईमेल आणि दूरध्वनीवरील संभाषणे एकामागून एक मांडतो, सांकेतिक शब्दांचा आपल्याला लागलेला अर्थ नोंदवतो आणि ठरवून कोरडे लिहितो. हा कोरडेपणाच अंगावर येतो.

अशी कागदपत्रे ‘पेसर’ या सरकारी संकेतस्थळावर पानाला १० सेंट दराने मिळतात, आणि तिमाहीचे शुल्क ३० डॉलरपर्यंतच राहिले तर ते माफ होते. एफबीआयचा जनसंपर्क विभाग लेखकांनाही मदत करतो; मात्र त्यांना अख्खे कथानक न पाठवता एका प्रसंगापुरता नेमका प्रश्न विचारावा.